सबसिडी मागाहून, टोकन आधी

वाचकांचे प्रश्न : घर, कर्ज आणि कागद

यावेळी टपालात आणि मोबाईलवर जे प्रश्न आलेत त्यात एक शब्द परत परत येतोय, डाऊन पेमेंट. गणपतीत चाकरमानी येऊन गेले की हे दरवर्षी होतं बघा, मुंबईचा भाऊ ओटीवर बसून सांगून जातो की पहिल्या घराला सरकार पैसे देतं, तू अजून भाड्याने काय राहतोस, आणि तो एसटीत बसला की इथल्याची झोप उडते. मी नोकरीची बरीचशी वर्षं बँकेच्या कर्ज विभागात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून काढली, त्यामुळे लोक कुठे अडकतात ते मला जरा माहीत आहे. बहुतेक जण योजनेत नाही अडकत, तारखेत अडकतात. बिल्डरला पैसे आज द्यायचे असतात आणि सरकारचे पैसे येणार असतात वर्षभराने. पत्रं थोडी कापून घेतलीयत, नावं टाकलेली नाहीत.

काका, आम्ही नवरा-बायको दोघं नोकरी करतो, रत्नागिरी शहरात भाड्याने राहतो, दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ७ लाख ४० हजार. एका नव्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके ३२ लाखाला सांगतायत, काम चालू आहे. आमच्याकडे साठवलेले ३ लाख ४० हजार आहेत. आवास योजनेतून डाऊन पेमेंटला मदत मिळते का? बिल्डरचा माणूस म्हणतो १ लाख ८० हजार सरकार देतं, तुम्ही आधी ५ लाख भरा, फ्लॅट धरून ठेवतो.
— एक वाचक भगिनी, रत्नागिरी

ताई, पहिल्यांदा ते ५ लाख भरू नका, बाकीचं मग बोलू. २०१६ च्या रेरा कायद्यात कलम १३ आहे, त्याप्रमाणे करारनामा रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. ३२ लाखाचे १० टक्के म्हणजे ३ लाख २० हजार, ५ लाख कुठून आले? आणि प्रोजेक्टचा महारेरा नंबर मागून घ्या, तो नंबर महारेराच्या वेबसाईटवर टाकला की जमिनीचे कागद, मंजूर प्लॅन, ताबा कधी देणार ती तारीख, सगळं दिसतं. आपल्याकडे अडचण अशी आहे की ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरची किंवा आठ फ्लॅटपर्यंतची बिल्डिंग असेल तर तिला नोंदणी लागत नाही, आणि कोकणातल्या छोट्या शहरांत अशाच बिल्डिंगा जास्त. तशी असेल तर वकिलाकडून टायटल सर्च, म्हणजे जमिनीची मालकी नक्की कोणाची त्याचा तपास, करून घ्या, त्याला चार पैसे गेले तरी चालतील. मी स्वतः तरुणपणी बँकेत असूनही एका बिल्डरला नुसत्या पावतीवर टोकन दिलेलं, नाव घेत नाही, ते पैसे परत यायला अडीच वर्षं लागली आणि तेही तुकड्या-तुकड्याने.

आता योजना. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालीय, तिच्यात चार भाग आहेत, त्यातला तुमच्या कामाचा भाग म्हणजे व्याज सबसिडी. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न ९ लाखापर्यंत, घराची किंमत ३५ लाखापर्यंत, कर्ज २५ लाखापर्यंत, आणि कुटुंबात कोणाच्याही नावाने देशात कुठेही पक्कं घर नको, मागच्या वीस वर्षांत सरकारी घराचा लाभ घेतलेला नको. हे सगळं बसलं तर कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजाची सूट, जास्तीत जास्त बारा वर्षांची मुदत धरून, आणि ती मिळून कमाल १ लाख ८० हजार. बिल्डरचा माणूस आकडा बरोबर सांगतोय, पण पुढचं वाक्य गिळतोय. हे पैसे एकरकमी येत नाहीत, पाच वर्षांत पाच हप्त्यांनी येतात, म्हणजे वर्षाला ३६ हजार, आणि तुमच्या हातात नाही तर तुमच्या कर्जखात्यात. तेही कर्ज उचलल्यावर. म्हणजे डाऊन पेमेंटला यातला एक रुपयाही कामाला येत नाही, ते तुमचं तुम्हालाच उभं करायचंय. लोक १ लाख ८० हजार आधीच वजा करून हिशेब मांडतात आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी सोनाराकडे जातात.

तुमचा हिशेब मांडून बघूया. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखापर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे तुम्हाला २८ लाख ८० हजार मिळू शकतील, पण २५ लाखाच्या वर गेलात की सबसिडीतून बाहेर. सबसिडी हवी म्हणून २५ वर थांबलात तर घरचे ७ लाख घालावे लागतील. वर मुद्रांक शुल्क, ते हद्दीप्रमाणे बदलतं पण ५-६ टक्क्यांच्या घरात धरा, रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही, आणि काम चालू असलेल्या बिल्डिंगला जीएसटी, तुमचं घर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसतं म्हणून १ टक्का, म्हणजे ३२ हजार. हा सगळा वरखर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही (१० लाखाच्या आतलं घर असेल तर धरू शकते, पण तसं घर आता दाखवा मला). तर २५ लाखाचं कर्ज घेतलं तर खिशातून जवळपास साडेनऊ लाख, २८ लाख ८० हजारांचं घेतलं तर पावणेसहाच्या आसपास आणि सबसिडी शून्य. तुमच्याकडे आहेत ३ लाख ४० हजार. दोन्हीकडून कमीच.

मला विचाराल तर हा फ्लॅट सोडा. रत्नागिरीत जरा आत, पाच-सात वर्षं जुना रिसेल फ्लॅट २६ लाखापर्यंत मिळाला तर बघा. त्याला ९० टक्क्याने २३ लाख ४० हजार कर्ज होतं, ते २५ च्या आत आहे म्हणजे सबसिडीचा दरवाजा उघडा राहतो, पूर्ण झालेल्या जुन्या घराला जीएसटी नाही, आणि खिशातून साधारण साडेचार लाख लागतील. ८.५ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर हप्ता २० हजार ३०० च्या आसपास, तुमच्या महिन्याच्या ६१-६२ हजारांत तो बसतो. मग वर्षाचे ३६ हजार म्हणजे दीड-पावणेदोन हप्ते सरकारने भरले असं समजा, चांगलंच आहे की.

उरलेला लाख-सव्वा लाख पर्सनल लोनने भरू नका. त्याचं व्याज जास्त आणि मुदत कमी, शिवाय त्याचा हप्ता धरून बँक तुमचं गृहकर्जच कमी करते, म्हणजे ज्याच्यासाठी घेतलं तेच हातातून जातं. दोघांचा पीएफ आहे ना? घरासाठी पीएफमधून पैसे काढता येतात, ते कर्ज नव्हे, परत भरायचे नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढायचे नियम सोपे करायचं ठरवलंय, तेव्हा ऑफिसात विचारा आज काय लागू आहे. सगळा उपसू नका मात्र.

आणि एक, घर तुमच्या नावावर घ्या. योजनेत तसंही घरातल्या बाईचं नाव मालकीत लागतं, एकटीचं किंवा नवऱ्याबरोबर. पण महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, नवऱ्याचं नाव जोडलंत की ती जाते. २६ लाखावर २६ हजार. नवरा कर्जात सहकर्जदार राहू शकतो. जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरत असाल आणि त्यालाही व्याजाची वजावट हवी असेल तर मात्र मालकीत नाव लागतं, तेव्हा दोन्ही आकडे मांडून ठरवा. रुसवेफुगवे आधी मिटवा, रजिस्ट्रारच्या ऑफिसात नकोत.

काका, माझी गजाल जरा वेगळी हा. मी मालवणात कामाला, वय २८, उत्पन्न साडेपाच लाखापर्यंत. गावचं घर चिऱ्याचं, कौलारू, नमुना आठला आजोबांचं नाव, वडील आणि तीन काका त्यात हिस्सेदार. लग्न ठरत नाही कारण मुलीकडचे विचारतात स्वतःचं घर आहे का. मला शहरात पहिलं घर म्हणून सबसिडी मिळेल काय?
— एक वाचक, मालवण

बाबा रे, तुझं पत्र वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. म्हणजे तुझं लग्न होत नाही तोवर तू वडिलांच्या कुटुंबात मोडतोस, आणि वडिलांकडे पक्कं घर असेल तर तुझा अर्ज अडतो. लग्न झालं की तू आणि तुझी बायको हे वेगळं कुटुंब. मुलीकडचे विचारतायत घर कुठाय आणि सरकार विचारतंय बायको कुठाय. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून असं आपल्यात म्हणतात, पण आधी कुठलं ते म्हणीत सांगितलेलं नाही.

आता त्या चिऱ्याच्या घराचं. कोकणात निम्म्या लोकांचं हेच आहे, घर आजोबांच्या नावावर, हिस्सेदार बारा, त्यातले आठ मुंबईला, वारस नोंद केलेलीच नाही आणि केली तर भांडण. तुला नेटवर लोक सांगतील की नाव आजोबांचं आहे ना, मग शपथपत्र देऊन टाक की आमच्याकडे घर नाही. देऊ नको. आजोबा गेले असतील तर वडील वारस आहेतच, कागदावर नाव चढलंय की नाही हा वेगळा भाग. खोटं शपथपत्र आधारला जोडलेलं असतं, पुढे कधी निघालं तर सबसिडी तर परत जातेच, शिवाय नसता ताप. माझं म्हणणं असं की लग्न ठरलं की लगेच घाई कर, वडिलांच्या पश्चात तुझं नाव त्या घरावर लागायच्या आधी, तुझ्या आणि बायकोच्या नावाने कुठेही घर नसताना अर्ज गेला पाहिजे. उत्पन्न साडेपाच लाख म्हणजे तू ३ ते ६ लाखाच्या गटात येतोस, बायको कमावती असेल तर दोघांचं मिळून ९ च्या आत बघ. तोवर रिकरिंग चालू ठेव, कारण डाऊन पेमेंट तेव्हाही तुलाच भरायचंय.

शहराच्या हद्दीत तुझ्या स्वतःच्या नावाने जागा असती आणि उत्पन्न ३ लाखाच्या आत असतं तर वेगळा मार्ग होता, स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात, बांधकाम जसं वर येईल तसे. तुला तो लागू नाही पण मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीत वाचणारे आणखी असतील म्हणून लिहितोय. किनाऱ्याजवळची जागा असेल तर आधी सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं बघा, भरतीच्या रेषेपासून ठराविक अंतराच्या आत परवानगीच मिळाली नाही तर मंजूर अनुदान कागदावरच राहतं.

नमस्कार, आम्ही गुहागर तालुक्यात एका वाडीत राहतो. ग्रामपंचायतीच्या यादीत घरकुल आलंय पण जागा सामाईक, मोठे दीर मुंबईला, ते सही देत नाहीत. ग्रामसेवक सांगतात जागा नाही तर घरकुल परत जाईल. काय करावं?
— एक भगिनी, गुहागर तालुका

वहिनी, परत जायच्या आधी दोन वाटा आहेत.

पहिली दिरांची. त्यांना फोनवर सही मागू नका, फोनवर कोणी सही देत नाही. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा सगळे भाऊ ओटीवर असतात, तेव्हा बसा, सोबत गावातला एखादा जाणता घ्या, आणि मागणं लहान ठेवा. पूर्ण हिस्से करायचे नाहीत, घरकुलाला लागणाऱ्या तुकड्यापुरतं संमतीपत्र द्या इतकंच. लोकांना भीती असते की आज सही दिली की उद्या आपला हिस्सा गेला, तर संमतीपत्रातच लिहा की बाकी जागेवरचा हक्क तसाच राहील. योजनेत घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं असतं, त्याला किती जागा लागणार ते दोरीने मापून दाखवा. मी असे तीन-चार तिढे दोरीनेच सुटलेले बघितलेत.

दुसरी वाट म्हणजे जागा विकत घेणं. ज्यांना घरकुल मंजूर आहे पण जागा नाही त्यांच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे, ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी ५० हजार देत होते, २०२४ मध्ये ते १ लाख केले. मला विचाराल तर आपल्याकडच्या सगळ्या योजनांत खऱ्या अर्थाने आधी मिळणारी मदत हीच, बाकी सगळं मागाहून, आणि नेमकी हीच लोकांना माहीत नसते. पंचायत समितीत घरकुलाचं टेबल असतं तिथे या योजनेचं पूर्ण नाव घेऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शेतजमिनीतला लहान तुकडा घेताना तुकडेबंदी आडवी येते, पण घरकुलासाठी परवानगी मिळू शकते, तलाठ्याला विचारूनच व्यवहार करा. आणि सातबारावर कुळाची नोंद आहे का ते बघा, आपल्या जिल्ह्यात कुळाच्या जमिनी पुष्कळ, त्यातली काही विकायला आधी परवानगी लागते.

पैशाचं सांगायचं तर प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये १ लाख २० हजार, ते हप्त्यांनी, प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवर जाऊन मोबाईलवर काढला की पुढचा हप्ता. वर रोजगार हमीतून तुमच्याच घराच्या कामाची ९० दिवसांची मजुरी, संडासाला १२ हजार, आणि २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात आणखी ५० हजार वाढवून द्यायचं जाहीर झालं. सगळं धरलं तरी आजच्या चिऱ्या-वाळूच्या भावात घर पुरं होत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून काम कधी सुरू करायचं ते महत्त्वाचं, पहिला हप्ता मे महिन्याच्या शेवटी आला म्हणून पाया खणू नका, सात जूनला मिरग लागला की खड्ड्यात पाणी आणि चार महिने काम बंद. शक्य असेल तर दिवाळी झाली की चौथरा आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत छप्पर, असं बसवा.

मुलगा अमेरिकेत कॅलिफोर्नियात एच-वन-बी व्हिसावर नोकरीला आहे. तो म्हणतो तिकडे पहिलं घर घेणाऱ्याला सरकार डाऊन पेमेंट देतं, कधी कधी परतही करावं लागत नाही. हे खरं का? मग आपल्याकडे असं का नाही?
— एक आई, सावंतवाडी

बऱ्याच अंशी खरं आहे, पण त्याने तुम्हाला थोडक्यात सांगितलंय. तिकडे ही मदत जास्त करून राज्यांच्या गृहनिर्माण वित्त संस्था, काउंटी, शहरं अशा पातळीवर मिळते, आणि सहसा ती मुख्य कर्जाच्या मागे लावलेलं दुसरं कर्ज असते. काही ठिकाणी ठराविक वर्षं त्याच घरात राहिलात तर ते माफ होतं, काही ठिकाणी महिन्याला काही भरायचं नाही पण घर विकताना किंवा कर्ज बदलताना सगळं परत द्यायचं. उत्पन्नाची मर्यादा असते, घर घेण्यावरचा एक क्लासही करावा लागतो, तो मला फार आवडला, आपल्याकडे लग्नाआधी पत्रिका बघतात आणि वीस वर्षांच्या कर्जाआधी काहीच बघत नाहीत. आणि गंमत म्हणजे पहिलं घर याची तिकडची व्याख्या सैल आहे, बहुतेक ठिकाणी मागच्या तीन वर्षांत स्वतःचं घर नव्हतं म्हणजे तुम्ही पहिल्यांदा घेणारे. आपल्याकडे गावच्या घराने आयुष्यभर पाठ धरलेली.

कॅलिफोर्नियात ड्रीम फॉर ऑल नावाची योजना २०२३ च्या मार्चमध्ये काढली, किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत पैसे, पण घर विकताना वाढलेल्या किमतीतला हिस्सा सरकारला द्यायचा. सुमारे ३० कोटी डॉलर होते ते अकरा दिवसांत संपले, आणि पुढच्या वर्षीपासून सोडत काढायला लागले. म्हणजे तिकडेही शेवटी म्हाडाच झालं. (आपल्या म्हाडाच्या कोकण मंडळाचं काय, नाव कोकण आणि घरं बघायला गेलं तर बरीचशी विरार-ठाण्याकडे. सोडतीवर लक्ष ठेवा मात्र, सिंधुदुर्गात ओरोसचे भूखंडही सोडतीत आलेले आहेत.)

तुमच्या मुलासाठी कामाची गोष्ट वेगळी आहे. तिकडे कमी डाऊन पेमेंटचं जे प्रसिद्ध कर्ज आहे, एफएचएचं (तिकडच्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण संस्थेच्या विम्याचं), ज्याला क्रेडिट स्कोअर ५८० किंवा जास्त असेल तर साडेतीन टक्के भरून चालतं, ते २५ मे २०२५ पासून कायम रहिवासी नसलेल्यांना बंद झालंय. एच-वन-बी म्हणजे तो त्यात येतो. साधं बँकेचं कर्ज त्याला मिळू शकतं, पण मदतीच्या प्रत्येक योजनेत व्हिसाची अट काय आहे ते त्याने आधी विचारावं, मगच घर बघायला फिरावं.

आपल्याकडे असं का नाही, याचं माझ्यापुरतं उत्तर असं की आपल्या सरकारने पैसे व्याजावर आणि बांधकामावर द्यायचं ठरवलं, म्हणजे बँकेने आधी माणूस पारखून घ्यावा आणि मग सरकारने हात लावावा. बुडण्याची भीती त्यात कमी. पण ज्याच्याकडे महिन्याचा हप्ता भरायची ताकद आहे पण गाठीला चार-पाच लाख नाहीत, असा माणूस नेमका बाहेर राहतो, आणि रत्नागिरीच्या ताईंसारखे असे खूप आहेत.

आमची देवगडला हापूसची कलमं आहेत, पगारपत्रक नाही. बँक म्हणते उत्पन्नाचा पुरावा आणा. देवगड-जामसंडे हद्दीत छोटं घर घ्यायचंय.
— एक बागायतदार

वाशीला माल जातो ना, मग दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, कुठायत? लोक पट्टी आली की रक्कम बघतात आणि कागद चुलीत घालतात. तीन वर्षांच्या पट्ट्या, सातबारा, पैसे बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, हे सगळं एका फाईलला लावा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्न भरून त्यात दाखवा, बँकेला तोच कागद वाचता येतो. रोखीचा आंबा बँकेला दिसत नाही. आंब्याचं एक वर्ष येतं एक जातं हे शाखेतल्या माणसाला माहीत असतं, त्यामुळे तो सरासरी धरतो आणि ती तुमच्या मनातल्या आकड्यापेक्षा कमीच निघते, वाईट वाटून घेऊ नका.

डाऊन पेमेंट मे महिन्यात हातात येईल तेव्हाच करार करा, जानेवारीत मोहोर बघून टोकन देऊ नका. थ्रिप्सची कीड आणि अवकाळी दोन्ही त्यानंतर येतात. आणि सबसिडी मंजूर झाली तर चांगल्या सीझनला जोशात येऊन अर्ध्याहून जास्त कर्ज एकदम फेडू नका, सबसिडीचा हप्ता जमा होताना कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. तुमच्यासारखे हौसेने कर्ज फेडणारे इथेच फसतात. पाच हप्ते पदरात पडू द्या, मग फेडा खुशाल.

थोडक्यात उत्तरं

*चिपळूणहून एकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पाठवलाय, २ लाख ६७ हजार सबसिडी मिळते, आजच अर्ज करा.* दादा, ती जुनी योजना. ६ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठीची ती सबसिडी ३१ मार्च २०२२ ला बंद झाली. मेसेज अजून फिरतोय, तो काही बंद होत नाही.

*दापोलीतून विचारलंय, माझं कर्ज २०२३ चं आहे, नवी सबसिडी लागेल का?* नाही लागणार. १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर होऊन उचललेलं कर्ज लागतं. बँक बदलून तेच कर्ज नवं दाखवायचा सल्ला कोणी देत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

*खेडमधून एक ताई लिहितात, एजंट १० हजार मागतोय, म्हणतो माझी ओळख आहे, सबसिडी लवकर करून देतो.* ताई, अर्ज योजनेच्या पोर्टलवर आधार नंबर टाकून स्वतः करता येतो, नाहीतर नगरपरिषदेत किंवा जिथून कर्ज घेताय त्या बँकेत विचारा. घरातल्या सगळ्यांचे आधार, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि घराचे कागद जवळ ठेवा. आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच आहे ना ते आधी बघा, लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचे अर्ज इथेच लटकतात. ते १० हजार स्टॅम्प ड्युटीला ठेवा.